हात हलला नव्हता

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. चार वर्षं एक खोटं पोटात घेऊन दुकानात बसत होतो — परवा ते तिथंच बाहेर पडलं.

साताऱ्यात माझं फोटो प्रिंटिंगचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी लोणंदकडच्या शेवंताकाकू आल्या. नवरा नुकताच गेलेला. सैन्यातल्या मुलानं, सुरेशनं, सुट्टीवर असताना वडिलांचा एक हसरा फोटो काढला होता — तेवढा एकच. तो त्यांना भिंतीसाठी हवा होता, बारा बाय सोळा इंचांचा. सुरेशनं तो मेसेजमधून पाठवलेला. मेसेजमध्ये फोटो आकसतो. एवढ्या मोठ्या कागदावर इंचाला जेमतेम ऐंशी ठिपके, म्हणजे पिक्सेल, उरतात. मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. मूळ फाईल मागवायची, एवढंच काम. पण लग्नसराईची घाई — नाही, घाईचं नाव कशाला घेऊ? कंटाळा केला. होता तोच फोटो ताणला आणि छापला. चेहरा धुक्यातून आल्यासारखा आला.

काकूंनी कागद उजेडात धरून बघितला. मी म्हणालो, "काढतानाच मुलाचा हात हललाय."

किती सहज बोलून गेलो.

परवा सुरेश आईला घेऊन आला. तिचा फोटो हवा होता, पण तो मीच काढायचा. "माझा हात हालतोय, आवं. दादांचा एकच फोटु, त्योबी घालवला. तवापास्नं कुणाचा काढला न्हाई."

मूळ फोटो आहे का, मी विचारलं. जुन्या मोबाईलचं मेमरी कार्ड त्यानं पाकिटातून काढून दिलं. उघडून बघतो — उंचीला चार हजार ठिपके. म्हणजे इंचाला अडीचशे. चांगला जाड कागद लावला. आधी टोपी आली, मग कपाळावरच्या आठ्या, मग डोळे — पापणीन् पापणी वेगळी. मिशीवर उसाच्या रसाचा थेंबसुद्धा. इतका सुंदर फोटो माझ्या मशीनमधून कधी निघाला नव्हता.

"हात हलला नव्हता," मी म्हणालो. "मी खोटं बोललो. आळस माझा होता."

काकू म्हणाल्या, "चार वरसं पोरगं सोताला खात हुतं, भाऊ."

मी फोटोवर पातळ कागद घातला आणि त्यांच्या हाती दिला.

दोघांनी फोटो दोन्हीकडून धरून नेला. रस्त्यापलीकडे थांबले, वरचा कागद बाजूला केला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला काकू सांगू लागल्या — माझ्या पोरानं काढलाय.