ओलं पोतं

अमडापुरात नळाचं काम निघालं की लोक आधी ज्ञानेश्वरकडे येत. उमेदीची वर्षं त्याने भाजीपाल्याच्या शेतांत पाइपलाइन टाकण्यात घालवली. मग गावात सिमेंटची घरं उठली, तसा तो घरांत शिरला. त्याने जोडलेला पाइप गळला, असं अजून कुणी म्हटलं नव्हतं.

त्याची रीत ठरलेली. टोक घासायचं, पुसायचं, प्रायमरचा हात फिरवायचा, मग पाइप चिकटवणारं, उग्र वासाचं सोल्युशन लावायचं. पाइप दाबून जरासा पिळायचा आणि धरून ठेवायचा. लगेच सोडला तर तो हळूच मागे सरकतो. हे धरून ठेवणं त्याच्या साळ्याला, जीवनला, कधी जमलं नाही. त्याच्या बायकोचा, पुष्पांजलीचा, हा धाकटा भाऊ. आईने देऊळगाव राजाहून त्याला लेकीच्या भरवशावर काम शिकायला पाठवलं होतं.

"धर बे, पळून नाही चालला तो," ज्ञानेश्वर म्हणे.

"मी काय पाइपाशी लगन लावून राह्यलो का, दाजी?"

वैशाखात भगवानरावांच्या नव्या घराचं काम आलं. अंगणात जमिनीखाली टाकी होती, तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं. आतले जोड करायला सडपातळ जीवन उतरला. तळाशी घोटाभर पाणी होतं. दुपार तापली. ऊन सरळ आत पडू लागलं आणि डब्यातलं सोल्युशन दाटायला लागलं. दाटलेलं सोल्युशन जोड धरत नाही. ज्ञानेश्वरने मग इकडे उन्हाळ्यात सगळेच करतात तेच केलं. माठाला गुंडाळतात तसं एक पोतं भिजवलं आणि टाकीच्या तोंडावर पसरलं.

आतून जीवन म्हणाला, "बरं वाटून राह्यलं, दाजी. माठातलं पाणी झालो मी."

ज्ञानेश्वर हसला आणि पाइप कापायला गच्चीवर गेला.

खाली येऊन त्याने हाक मारली. ओ आली नाही. जीवन थट्टा करतोय असं वाटून त्याने एक शिवी हासडली. मग पोतं ओढलं. प्रायमरचा वास असा अंगावर आला की तो मागे बसला. जीवन तळाशी पालथा पडला होता. डबा सांडलेला होता.

ज्ञानेश्वर शिडीवरून अर्धा उतरला. डोळ्यांपुढे अंधार आला, हात सुटायला लागले. आरडाओरड ऐकून जमलेल्या लोकांनी त्याला काखेत धरून ओढून काढलं. तो पुन्हा निघाला, तेव्हा भगवानरावांनी त्याला मिठीच मारली. कुणीतरी घरातला कूलर ओढत आणला आणि टाकीच्या तोंडाशी लावला. पंखा फिरत राहिला. आत हवा जाईपर्यंत सगळे नुसते उभे होते, आणि ज्ञानेश्वरला वरून जीवनची पाठ दिसत होती. ती हलत नव्हती.

शेवटी त्याला वर काढून दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही.

गावाने आपसांतच ठरवून टाकलं की टाकीत गॅस होता, त्याला कोण काय करणार. पोत्याचं कुणी बोललं नाही. गडबडीत ते कुणीतरी पायानेच बाजूला सारलं होतं.

तेरवी झाली. पाहुणे पांगले. पुष्पांजली भांडी घासत होती. मान वर न करता तिने विचारलं, "तुमी काऊन नाही उतरले?"

या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे होतं. तळापर्यंत उतरला असता तर दोघंही गेले असते, असं सगळ्या गावाने त्याला समजावून सांगितलं होतं.

"टाकीवर ओलं पोतं म्या टाकलं होतं," तो म्हणाला. "तो वास बाहेरच आला नाही."

तिचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. एक पातेलं तिने दोनदा विसळलं.

"मायले सांगू नका," ती म्हणाली.