सासूबाईंची जास्वंद आणि माझी बी. एस्सी.

माझ्या माहेरी पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि तीही वनस्पतिशास्त्राची. त्यामुळे सासूबाईंची जास्वंद माझ्या हातून मरेल, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

अमरावतीच्या अंगणात सासूबाईंनी लग्न होऊन आल्या आल्या लावलेली लाल जास्वंद होती. दिरांना तिथे दुकानाचे गाळे काढायचे होते (त्या वर्षांत ज्याला त्याला गाळेच काढायचे होते!), म्हणून ती तोडली. तिच्या चार फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून आमचे हे रेल्वेने मयूर विहारच्या नव्याकोऱ्या फ्लॅटवर घेऊन आले. मागोमाग सासूबाईंचा फोन.

"सूनबाई, तेवढंच उरलंय गं. जगतील ना?"

"आई, मी बी. एस्सी. आहे!" (हे मी दूधवाल्यालाही सांगत असे.) "गणपतीला या, फूलच दाखवते!"

तिरपा छेद दिला, पानं काढली, बाल्कनीतल्या चार कुंड्यांत फांद्या खोचल्या. पुस्तकाप्रमाणे आता नुसती वाट बघायची होती. तेवढंच जमेना! मुळं फुटली का ते बघायला मी रोज फांद्या हळूच उपटायची आणि परत खोचायची. मला वाटलं, मी एकटीच. एकदा बघते तर ऑफिसला निघालेले हे, एका हातात डबा, दुसऱ्या हातात फांदी!

"अहो, काय करताय?"

"आईला फोनवर काय सांगू? प्रोग्रेस बघतोय."

शेजारच्या भाटिया आंटी तर आमच्यादेखत फांदी उपटून म्हणाल्या, "बेटा, इसमें तो कुछ भी नहीं है! चलो, कल फिर देखेंगे." आणि खरंच दुसऱ्या दिवशी आल्या!

तीन फांद्या वाळून काटक्या झाल्या. चौथीही गेलीच असती, पण तेवढ्यात घरात केबल आली. वायरीचा जोड बाल्कनीत लोंबत होता; ह्यांनी तो सुतळीने चौथ्या फांदीला बांधला. जरा धक्का लागला की पडद्यावर मुंग्या!

"त्या कुंडीला कुणी हात लावायचा नाही. बिल्कुल नाही! मॅच आहे."

भाटिया आंटी रोज मालिका बघायला आमच्याकडेच, त्यामुळे त्याही कुंडीला वळसा घालून जाऊ लागल्या. मी श्वास रोखून पाणी घालत असे.

आणि एका सकाळी सुतळीच्या गाठीशेजारून एक पान डोकावलं. नखाएवढं, तुकतुकीत. मी खाली बसलेच. पानाच्या आत काय काय चालतं ते सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं. पण काटकीला पान फुटतं म्हणजे केवढी गोष्ट घडते, ते त्या दिवशी बघितलं. हे तोंडाला दाढीचा साबण तसाच ठेवून येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "आईची आहे."

गणपतीला सासूबाई आल्या, त्या हातातली पिशवीही न ठेवता थेट बाल्कनीत. वायरीखाली एकच फूल होतं, तळहाताएवढं, लालभडक. त्यांनी हात जोडले.

"काय केलंस गं नेमकं?"

"खरं सांगू, आई? काहीच नाही."

सासूबाईंनी डोळे पुसले आणि त्या फूल बघायला आलेल्या भाटिया आंटींकडे वळल्या. "देखा? इतनी पढी-लिखी है, पर घमंड नाम को नहीं!"

मी विनयाने मान खाली घातली. एवढे मार्क मला बी. एस्सी.लाही पडले नव्हते, आणि तिथे तर मी काहीतरी लिहिलंही होतं!