सत्तर, ऐंशी, नव्वद

दिवाळीनंतरचा पहिला सोमवार. मंचरला मुलीच्या कानांची तपासणी, बाराशे रुपये. हजर: मी, बायको आणि पावणेतीन वर्षांची मुलगी. कान उत्तम निघाले. जीव भांड्यात पडायला हवा होता. उलट माझी चुळबुळ वाढली. कानांत दोष नाही, तर मुलगी बोलत का नाही?

अगदीच गप्प नव्हती. ‘सत्तर, ऐंशी, नव्वद’ हे ती खणखणीत म्हणायची. मंचरच्या बाजारात माझी कांद्याची अडत आहे. बायको घोडेगावला नोकरीला; सकाळच्या एसटीने जाते, येते तेव्हा अंधार पडलेला असतो. घरात तिसरं कोणी नाही, म्हणून मुलगी दिवसभर माझ्याबरोबर गाळ्यावर. लिलाव तिथेच, फोनही तिथेच. हमाल म्हणायचे, “राव, पोरगी लई हुशार! तुमाला घरी बसवती बघा.” मीही हसायचो. पण तहान लागली की ती माझी पँट ओढून ‘नव्वद, नव्वद’ म्हणत रडायची.

डॉक्टरबाईंनी विचारलं, “दिवसभर तिच्याशी कोण बोलतं?”

“मी असतो ना जवळ.”

“जवळ असता हो. बोलता का?”

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बायको म्हणाली, “घ्या. आता तिलाही एक फोन घेऊन देऊ, म्हणजे तिच्याशीही बोलाल.”

 बायकोने नोकरी सोडावी, हे परतताना माझ्या ओठांवर आलं होतं; पण घराचा हप्ता तिच्याच पगारातून जातो. म्हणजे वेळ माझ्यातूनच काढायचा होता.

सकाळी मी घरी थांबू लागलो. फोन बंद. पहिल्या दिवशी तिच्यासमोर बसलो, तर बोलायला काही सुचेना. उठलो, खिडकी लावली, परत उघडली. बाहेर कांद्याच्या गाड्या मंचरकडे चाललेल्या. शेवटी भांडी घासायला घेतली आणि हाताला येईल ते सांगत सुटलो. “हा पेला. हा साबण. आता फेस.” ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. रोज तेच. महिना सरता सरता माझ्या हातून साबणाची वडी निसटली, तर म्हणाली, “बाबा, साबन पल्ला!”

डॉक्टरबाई म्हणतात, अजून वर्षभर तरी असंच चालू ठेवा. तोवर सकाळचा लिलाव गाळ्यावर हिशेब लिहिणारे आमचे दिवाणजी पुकारणार, पगारावर सहा हजार जास्त घेऊन. पहिल्या महिन्याचे सहा हजार काल त्यांच्या हातात दिले.