तक्त्यात तूर नव्हती

बडनेऱ्याच्या फलाटावर गाडी हलायच्या बेतात असताना मायनं विचारलं, "मासोयाले खाऊ घालाले इतक्या दूर काहून जाऊन राहिली तू?" मी हसले होते. अकोल्यात शेतकी शिकलेली मुलगी नॉर्वेला, सालमन पाळणाऱ्या कंपनीच्या खाद्य विभागात! बाबांनी अख्ख्या चांदूर बाजारात पेढे वाटले होते.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, समुद्रात मासे पाळायची ही 'निळी शेती' मी जवळून पाहिली आहे. डोंगरांच्या मधे शांत समुद्र, त्यात जाळ्यांचे गोल पिंजरे. माशांना ब्राझीलचं सोयाबीन आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची बारकी मासळी आटवून काढलेलं तेल. ती मासळी तिथल्या गरिबांच्या ताटातली. सालमनला उवा होतात. त्या निघाव्यात म्हणून माशांना कोमट पाण्यातून काढायचं; मरतील ते पंपानं ओढून घ्यायचे. घाण तळाशी, माहितीपत्रकावर फक्त सूर्यास्त.

मग मासा विकायला कंपनीला भारत आठवला. जाहिरात विभागाचा प्रमुख एरिक एक तक्ता घेऊन आला. कोणत्या प्रथिनामागे किती कार्बन: सगळ्यात वर गाय, मग डुक्कर, कोंबडी आणि तळाला सालमन, हिरव्यागार रंगात. बाजूला साडीतला माझा फोटो हवा होता. खाली ओळ: 'वऱ्हाडच्या शेतकऱ्याची लेक सांगते, हेच सर्वात हिरवं प्रोटीन.'

"माझे वडील पोस्टात होते," मी म्हटलं.

"तो तपशील झाला," एरिक म्हणाला.

गाईच्या मांसापेक्षा सालमन बरा, हे मलाही मान्य होतं. पण आमच्याकडे ही तुलना पटवायची कुणाला? मी विचारलं, "तूर कुठंय यात? हरभरा? आणि मासा विमानानं मुंबईला जाणार, ते विमान कुठंय?"

"डाळ आपली स्पर्धक नाही," तो गोड हसत म्हणाला.

मी फोटो दिला नाही. माझा करार पुढं वाढला नाही. तिथल्या मराठी मंडळाच्या बाई, ज्या 'सस्टेनेबल' हा शब्द देवाचं नाव घेतल्यासारखा उच्चारतात, मला म्हणाल्या, "अगं, एका फोटोनं काय बिघडलं असतं?" दिवाळीच्या पार्टीचं आमंत्रण मात्र आलं नाही. एवढी स्वस्त माणसं एवढ्या महागड्या कोटांत मी पूर्वी पाहिली नव्हती.

आता मी नॉर्वेतल्या त्याच गावात नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत आहे. पिंजऱ्यांखालचं पाणी तपासते. पगार कमी, झोप चांगली.

यंदा घरी गेले तर पुण्याचा चुलतभाऊ नितीन बर्फात बांधलेला सालमन घेऊन हजर. "ताई, तुझ्या देशातला! चिकनपेक्षा इको-फ्रेंडली." त्या माशानं काय काय खाल्लं आणि तो कसा उडत आला, ते मी सांगितलं. तो वैतागला. "तू ना, फार निगेटिव्ह झालीस."

मायनं तुकडे तिखटात तळले. नितीननं फोटो काढला, दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं. बाबांनी माझ्याकडं पाहिलं आणि पातेलं पुढं केलं. "बाई, वरण घे. गरम हाय."

घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते: जिथं तुरीच्या वरणाला कुणी 'पर्याय' म्हणत नाही. जेवण म्हणतात.