माझ्या मुलाखतीला आलेली माणसं

अठरा वर्षं मी एका वाक्यावर काढली. "मला पण नोकरी लागली असती, पण आमच्या आण्णांनी सोडलं नसतं." हळदीकुंकू असो, बचत गट असो नाहीतर माहेरी भावजयीसमोर बसणं असो, हे वाक्य कुठंही शोभून दिसायचं. बी.कॉम. फर्स्ट क्लास आणि चूल सांभाळतेय, म्हणून समोरची बाई हळहळायची, बशीत एक बिस्कीट जास्त ठेवायची. नोकरी न करता नोकरीचा मान मिळत होता. शिवाय वाक्य असं होतं की ते कुणी तपासून बघणार नव्हतं.

आण्णा म्हणजे माझे सासरे, हंबीरराव. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांचं आयुष्य गेलं. आता वारणानगरच्या वसाहतीत सकाळी पेपर आणि संध्याकाळी कट्टा. आवाज असा की त्यांनी घरात पाणी मागितलं तर शेजारची झुंबरबाई तांब्या घेऊन येते. अशा माणसानं मला अडवलं असणार, यावर कुणाचाही पटकन विश्वास बसायचा. माझासुद्धा बसला होता.

ते वाक्य तपासलं माझ्या पोरीनं. तेजस्वी बारावीला आहे, फोनमध्ये डोकं घालून असते. एकदा सकाळी मी चहा टाकत होते तेव्हा ती म्हणाली, "मम्मी, निर्मळछाया आरोग्य न्यासात भरती निघालीय. पदवीधर पायजे. तू अर्ज कर की."

न्यास म्हटलं तर आमच्याकडं कुणाला कळत नाही, सगळे त्याला ट्रस्टचा दवाखाना म्हणतात. हायवेला मोठं हॉस्पिटल, गडहिंग्लजला एक, जयसिंगपूरला एक, नर्सिंग कॉलेज, रक्तपेढी, वर गावोगाव फिरणाऱ्या तपासणीच्या गाड्या. धर्मादाय संस्था, नफा कमवायचा नाही, पण माणसं हजारांनी कामाला.

"आण्णा सोडायचे न्हाईत," मी सवयीनं म्हटलं.

बाहेरच्या खोलीत पेपर खाली आला. "कोण म्हणलं न्हाय सोडणार? भर की फारम! आमी कवा अडवलं तुला?"

चहाला उकळी येण्याआधी माझं अठरा वर्षांचं वाक्य संपलं.

खरं तर त्यांनी कधीच अडवलं नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. आणि जाहिरातीत वयाची अट होती चाळीस. मला पुढच्याच महिन्यात चाळिसावं संपत होतं. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. नोकरी लागली नाही तर सगळ्या वसाहतीला कळणार होतं की ती मला कधी लागलीच नसती. मी असली घाबरले की चहात साखरेऐवजी मीठ पडलं. आण्णांनी तो चहा न बोलता प्यायला, बहुतेक मी भावी नोकरदार म्हणून.

अर्ज फोनवरून करायचा होता. जागांची यादी बोटानं सरकवली तरी संपेना. प्रत्येक जागेखाली 'अर्ज करा' असं हिरवं बटण. दहा दगड मारले की एक तरी आंबा पडतो, हा आमचा हिशोब. मी दिसेल ते बटण दाबत सुटले. मी रुग्णवाहिकेच्या चालकासाठी अर्ज केला. माझी स्कूटी वसाहतीच्या कमानीबाहेर गेलेली नाही. मेंदूच्या तपासणीच्या मशीनवर बसायला अर्ज केला. शेवटी वैद्यकीय संचालकासाठीही केला.

"मम्मी, संचालक?" तेजस्वी किंचाळली.

"मग? मीटिंगला बसायचं आन् सही करायची," मी म्हटलं. सहकाराच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला संचालक या शब्दाची भीती वाटत नाही.

न्यास मोठा सभ्य. प्रत्येक अर्जाला उत्तर यायचं, 'आपण दाखवलेल्या रसाबद्दल आभारी आहोत, परंतु'. 'परंतु'च्या पुढं मी वाचायचं सोडून दिलं. मग तेजस्वीनं फोन काढून घेतला आणि मला जमेल अशी एकच जागा शोधली: भेट कक्ष सहायक. पेशंटला भेटायला येणाऱ्या लोकांचं टेबल. पदवी हवी, स्थानिक बोली यायला हवी, गर्दीशी संयमानं बोलता यायला हवं. 'कामाचा अनुभव' हा रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढं सरकत नव्हता. मी लिहिलं, 'अठरा वर्षं, एकत्र कुटुंब.' तेजस्वीनं ते पुसलं. मी परत लिहिलं. आणि काय सांगू, मुलाखतीचं बोलावणं आलं!

मग माझी तयारी. यूट्यूबवर टाय लावलेला एक माणूस सांगत होता, आपली ताकद विचारली तर म्हणायचं, 'मी टीम प्लेअर आहे.' मी भाकऱ्या थापताना ते घोकलं. आमच्याकडं बायकासुद्धा 'मी येतो, मी करतो' म्हणतात, ते तिथं बरं दिसणार नाही म्हणून आठवडाभर 'मी येते, मी करते' म्हणत घरभर फिरले. झुंबरबाईनं तेजस्वीला हळूच विचारलं, तुझ्या आईला बरं न्हाय का?

माझा बेत साधा होता. सकाळची एसटी धरायची, पोरीला सोबत घ्यायचं, जायचं. आदल्या दिवशी आण्णांनी विचारलं, "गाडी किती वाजता सांगू?"

"गाडी कशाला? आम्ही दोघी एसटीनं जातो की."

"एकटी? मुलाखतीला?" आण्णांचा आवाज कट्ट्यापर्यंत गेला. "कोण न्हाय व्हय तुला?"

आमच्याकडं कामाला माणूस एकटा जात नाही. सोयरीक ठरवायला, कोर्टाच्या तारखेला, म्हैस आणायला, कुठंही जायचं तर मागं माणसं पाहिजेत. दवाखान्यात तर पाहिजेतच. एकटा गेला की समोरच्याला वाटतं, ह्याला कुणी नाही. आण्णांच्या हर्नियाच्या ऑपरेशनला दोन गाड्या भरून लोक गेले होते. डॉक्टरांनी गर्दी बघून पेशंट कोण हे दोनदा विचारलं होतं. मी नको म्हणू शकले असते. म्हटलं नाही. एवढी माणसं माझ्यासाठी येणार म्हणून मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू!

सकाळी दारात ट्रॅक्स जीप उभी. पुढं आण्णा, पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. मागं मी, तेजस्वी, झुंबरबाई, तिच्या दोन जावा, कट्ट्यावरचे आण्णांचे सोबती आणि कुठंही जाणारी गाडी दिसली की बसणारे आणखी काही जण. माझे मालक धैर्यशील दूध संघात पाळीवर होते म्हणून ते सुटले. झुंबरबाईनं भाकरी, भरलं वांगं, मिरचीचा खर्डा आणि दह्याचा डबा घेतला होता. "मुलाखत लांबली तर?" ती म्हणाली. सतरंजीही होती.

हॉस्पिटल चकचकीत. मला दुसऱ्या मजल्यावर बोलावलं. बाकीचे खाली मोठ्या हॉलमध्ये थांबले. मी जाताना आण्णांनी पाठीवर थाप मारली, "भिऊ नको. आमी हितंच हाय."

टेबलापलीकडं तिघं जण. मधल्या बाई दानेश्वरी मॅडम, गडहिंग्लजकडच्या. आवाज शांत, नजर मात्र हेडमास्तरणीची. "तुमची सगळ्यात मोठी ताकद कोणती?"

"मी टीम प्लेअर आहे," मी म्हटलं. इथंपर्यंत ठीक होतं. पण शांतता पसरली की माझी जीभ सुटते. "टीम खाली बसलीय," मी पुढं म्हटलं.

त्यांना ते कळलं नाही. त्या कामाबद्दल सांगू लागल्या. पेशंटमागं एकच माणूस वर सोडायचा. भेटीची वेळ संध्याकाळी चार ते सहा. बाकी कुणीही असो, बाहेर. "आमच्या भागातली माणसं मायेनं येतात, पण घोळक्यानं येतात. डबे उघडतात, वाट अडते. हे टेबल त्यांना थांबवण्यासाठी आहे. जमेल?"

तोवर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी कसल्या नोकरीला आले होते आणि कशी आले होते! तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मॅडमनी ऐकलं, त्यांच्या कपाळाला आठी पडली. "खाली लिफ्टसमोर लोक सतरंजी टाकून बसलेत. सिक्युरिटीचं ऐकत नाहीत." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "अनुजाताई, चला. हेच काम आहे. करून दाखवा."

जिना उतरताना मी आंबाबाईला इतकंच म्हटलं की ती सतरंजी दुसऱ्या कुणाची तरी असू दे.

सतरंजी आमचीच होती. निळी, कडेला तेजस्वीच्या बारशाचा डाग असलेली. झुंबरबाई भाकरी वाटत होती, तीही नुसती आमच्या माणसांना नाही. चंदगडहून आलेलं कुणाचं तरी अख्खं कुटुंब पंगतीला बसलं होतं. आण्णा मध्ये बसून सिक्युरिटीवाल्याला सांगत होते, "पावणं, तुमी बी या की, खर्डा खावा."

मी स्वतःशी ठरवलं की ओळख दाखवायची नाही. तोवर झुंबरबाईनं मला पाहिलं.

"आली! अनुजा आली! लागली का गं?"

सगळी पंगत उभी राहिली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. माझ्यामागं दानेश्वरी मॅडम. मी मागं वळून बघितलं नाही. बघायची गरज नव्हती, नोकरी गेली होती.

तेव्हा मला स्ट्रेचर दिसलं. सतरंजीच्या पलीकडं वॉर्डबॉय थांबला होता, वर एक म्हातारी, नाकाला नळी. डोळे मिटलेले. लिफ्टचं दार उघडत होतं, मिटत होतं, आणि मध्ये आमची भाकरी. कुणाची तरी आई होती ती. आणि मला असा राग आला, असा राग आला की आठवडाभर घोकलेलं सगळं वाहून गेलं.

"उठा!" मी ओरडले. "सगळी उठा! ती बाई अडकलीय, दिसत न्हाय व्हय?"

झुंबरबाईचा हात दह्याच्या डब्यावर थांबला. आण्णा माझ्याकडं बघत राहिले. अठरा वर्षांत मी त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता.

"आगं, तुझ्यासाठीच आलोय की आमी," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज शेजारच्या माणसालाही ऐकू गेला नसता.

"माझ्यासाठी आलाय न्हवं? मग माझ्यासाठीच भाईर जावा. मी सांगतो, उठा आण्णा!"

आण्णा गुडघ्यावर हात ठेवून उठले. वाकून सतरंजीचं टोक स्वतः धरलं, तिची गुंडाळी केली, काखेत मारली आणि दाराकडं चालू लागले. त्यांच्यामागं सगळे गेले, चंदगडचं कुटुंबही गेलं. स्ट्रेचर लिफ्टमध्ये गेलं.

मी मॅडमना म्हटलं, "ती माझीच माणसं आहेत. माफ करा." त्या म्हणाल्या, "कळलं. तुम्ही आता जाऊ शकता."

परतीच्या गाडीत मी खिडकीकडं तोंड करून रडत होते. नोकरीचं तर गेलंच होतं, पण ज्या माणसानं भर हॉलमध्ये माझ्यासाठी टोपी घालून बसावं, त्यालाच मी गर्दीसारखं हाकललं होतं. वाठारजवळ आण्णांनी पुढच्या सीटवरून मागं न बघता डबा दिला. "तू कायबी खाल्लं न्हाईस. भाकरी खा."

चौथ्या दिवशी दानेश्वरी मॅडमचा फोन आला. "आम्ही सगळ्यांना विचारलं, गर्दी कशी हटवाल? सगळ्यांनी सांगितलं, संयमानं. तुम्ही एकट्याच ओरडलात. ते कमी करावं लागेल." मी हो म्हटलं. "पण आपल्या घरच्यांना उठवू शकेल अशी दुसरी कोणी मिळाली नाही. सोमवारपासून या. एकट्या या."

आता मी त्या टेबलावर बसते. पहिले काही दिवस शिव्या खाण्यात गेले, तेही संयमानं. मग एका दुपारी रांगेत पांढरी टोपी दिसली. कट्ट्यावरचे बाळासो तिसऱ्या मजल्यावर ॲडमिट होते आणि आण्णा दोन्ही हातांत शहाळी घेऊन आले होते. वेळ अडीचची.

"चार वाजता, आण्णा," मी म्हटलं. "आत्ता न्हाय सोडता येत."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, गळ्यातल्या ओळखपत्राकडं बघितलं. शहाळी सावरली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. मी मान खाली घालून पास लिहायला लागले, पण कान दारातच होते.

थोड्या वेळानं एक पैलवानासारखा गडी तावातावानं आत यायला निघाला. बाकावरून आण्णांचा तो जुना आवाज आला, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा.

"बसा पावणं, काय उपेग न्हाय. ती टेबलावरची बाई हाय न्हवं, ती आमची सून हाय. मला सोडलं न्हाय तिनं, तुमाला काय सोडतीया!"