चिठ्ठी निघाल्यावर घोडं मागं नाही

“घरची घोडी हाय. आता बघू म्हाताऱ्याचा कायदा.”

मांडवाच्या कापडामागून हे वाक्य आलं तेव्हा मी वहीत तिसऱ्या गटाची नावं लिहीत होते. बोलणारा हसला, शेजारचाही हसला. माझं पेन थांबलं. मी मान वर केली नाही, कारण मान वर केली की लोक माझ्याशी बोलायला लागतात. मी कळंबच्या इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे मला धड मराठी बोलता येत नाही असा आत्याच्या गावात समज आहे. तो खोटा आहे, पण सोयीचा आहे म्हणून मी कधी दुरुस्त केला नाही.

ज्या म्हाताऱ्याबद्दल ते बोलत होते ते माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या यजमानांना मामाच म्हणतात. आणि या मामांइतका न्यायाने वागणारा, आणि त्यामुळेच इतका त्रासदायक, माणूस भूमपासून परंड्यापर्यंत दुसरा नसेल. ईटच्या पलीकडे त्यांचं गाव. तिथल्या जत्रेत घोड्यांच्या शर्यती होतात आणि शर्यतीची वही मामांकडे असते. किती वर्षं, हे कुणाला आठवत नाही. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे आधी वही आली आणि मग संसार.

मामांचा सगळा कायदा एका ओळीत मावतो: चिठ्ठी निघाल्यावर घोडं मागं नाही. सकाळी नावं लिहितात, मग देवळासमोर चिठ्ठ्या काढून चार-चार घोड्यांचे गट पाडतात. चिठ्ठी निघेपर्यंत कुणीही खुशाल नाव मागे घ्यावं. एकदा निघाली की पळवायचं. पूर्वी म्हणे पाच-पाच घोडी असलेले मालक सगळ्यांची नावं द्यायचे, कुठल्या गटात कोण आलंय ते बघायचे, सोपा गट साधायचे आणि बाकीची घोडी गुंडाळून न्यायचे. “आन ज्याच्याकडं येकच घोडं हाय त्यानं काय करायचं?” मामा विचारायचे. “त्याला कुठली आली माघार? त्याला जे पदरात पडंल तेच पळवायचं. मग समद्यांनीच तसं करायचं.”

यावर सूट एकच. घोडं खरंच लंगडत असेल तर मालकाने स्वतः त्याला दोरीला धरून मामांसमोर चाळीस पावलं न्यायचं आणि चाळीस पावलं आणायचं. मामा म्हणाले लंगडतंय, तर घरी. मामा म्हणाले चोख आहे, तर पळवायचं, नाहीतर तीन वर्षं त्या मालकाचं नाव वहीत नाही. एकदा परंड्याहून एकाचा फोन आला, घोडं आजारी आहे, नाव काढा. मामा शांतपणे म्हणाले, “घोड्याला दे फोन.”

अडचण अशी की हा कायदा त्यांनी शर्यतीपुरता कधी ठेवलाच नाही. त्यांच्यासोबत एसटीने जाणं मी टाळते ते त्यामुळेच. एकदा एका गृहस्थांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, आत चढल्यावर त्यांना पुढची सावलीची जागा मोकळी दिसली आणि ते तिकडे बसले. मामा उठून त्यांच्यासमोर उभे राहिले. “रुमाल टाकला तिथं बसायचं. तुमच्या रुमालामुळं ती बाई लेकरू घेऊन उभी ऱ्हायली.” ते गृहस्थ भूम येईपर्यंत उन्हात बसले, बाईला सावली मिळाली, आणि मी खिडकीबाहेर बघत मी यांच्यासोबत नाही असं दाखवत राहिले. जेवायला येतो म्हणून न आलेल्या पाहुण्याच्या दारी ते दुसऱ्या दिवशी डबा घेऊन जातात आणि त्याचं जेवण होईपर्यंत ओट्यावर बसून राहतात. आत्या म्हणते, “साखरपुडा झाल्यावर मी नको म्हणाले असते ना, तर यांनी मला चाळीस पावलं चालवून बघितलं असतं.” मामा हे हसण्यावारी नेत नाहीत. “पंधरा पुरली असती,” म्हणतात.

मी त्यांच्या शेजारी वही घेऊन बसायला लागले ते माझ्या अक्षरामुळे. गेल्या वर्षीपासून मात्र मला वेगळं काही दिसायला लागलं होतं. मामा घोड्याचा रंग मलाच विचारायचे आणि मग स्वतः पाहिल्यासारखा माईकवर सांगायचे. माणूस बोलल्याशिवाय त्याचं नाव घ्यायचे नाहीत. कपाळावर हातभर पांढरा पट्टा असलेल्या एका घोड्याला ते म्हणाले, “एकरंगी लिही.” मी ‘पट्टा’ लिहिलं आणि गप्प बसले. मोतीबिंदू असणार हे मला कळलं होतं. ते कुणाला कळू द्यायचं नाही हे त्यांनी ठरवलं होतं, आणि काही न बोलता मीही ठरवलं. कारण मामांच्या हातून वही सुटली तर ती कुणाकडे जाणार हे गावात सगळ्यांना माहीत होतं. हमरस्त्यावरच्या धाबेवाल्याकडे. त्याची पाच घोडी आहेत आणि त्याला मामांचा कायदा पाठ आहे, म्हणजे कुठे कुठे अडतो ते पाठ आहे.

तर त्या सकाळी चिठ्ठ्या निघाल्या होत्या. तिसऱ्या गटात धाबेवाल्याचा घोडा आला होता, जो गेली कित्येक वर्षं हरला नव्हता, आणि त्याच गटात मामांच्या मुलाची, म्हणजे माझ्या दादाची, घोडी आली होती. दादा गर्दीतून वाट काढत मांडवात आला. त्याचा चेहरा उतरला होता. मामांना तो अण्णा म्हणतो.

“अण्णा, घोडी मागं घेतो. पुढचा पाय धरतीय.”

हे ऐकायला जवळच्या वीस माणसांचे कान होते आणि वीसच्या वीस हसले.

“पाय कधी धरला? चिठ्ठी वाचून?” कुणीतरी विचारलं.

“घरच्या घोडीला चिठ्ठी वाचता येती!”

धाबेवाला खुर्चीत मागे रेलून बसला होता. तो हसला नाही. “जाऊ द्या की,” तो मोठ्याने म्हणाला. “मामांच्या घरची हाय. सोडा तिला. पुढच्या साली आमची बी सोडा म्हंजे झालं.”

मामा उभे राहिले. “चालवून दाखव,” ते मुलाला म्हणाले, कुठल्याही मुलखाच्या माणसाला म्हणाले असते त्याच आवाजात.

दादा घोडी घेऊन आला, तशी हलगी थांबली. दरवर्षी मांडवापुढची जमीन दगडासारखी टणक असते. यंदा धूळ उडू नये म्हणून कमिटीने कुळव फिरवून वर टँकरने पाणी मारलं होतं. घोडीचे खूर त्या भुसभुशीत मातीत रुतत होते आणि आवाज अजिबात येत नव्हता. इथेच अडचण होती, कारण मामा आता घोडं कानांनी बघतात हे मला माहीत होतं.

दादा चालू लागला. मी घोडीच्या मानेकडे बघत होते. उजवा पुढचा पाय टेकला की तिची मान किंचित वर जात होती. दुखऱ्या पायावर भार नको म्हणून घोडं असं करतं. फार नाही, दोन बोटं. कडेला उभ्या असलेल्यांच्या नजरा दादाच्या तोंडाकडे होत्या, तो खोटं बोलतोय का ते बघायला. आणि मामा पूर्ण चाळीस पावलं आणि परतीची चाळीस पावलं घोडीकडे बघत होते, म्हणजे त्यांचं तोंड तिकडे होतं.

मामांनी माईक हातात घेतला.

“चोख हाय. पळवा.”

“अण्णा,” दादा पुढे आला. आवाज खाली आणत म्हणाला, “पाय जाईल तिचा. कायमचा. लेकरागत वाढवलीय मी तिला.”

“दुसऱ्याच्या घोड्याला येक कायदा आन घरच्याला दुसरा व्हय? पळव, न्हाय तर तीन वर्षं नाव न्हाय.”

“नाव गेलं खड्ड्यात. पर आज मागं घेतली तर तुमालाच लोक चोर म्हणतेल.”

त्याचं हे म्हणणं बरोबर होतं. बाप चोर ठरायला नको म्हणून तो घोडीला घेऊन शर्यतीच्या पट्ट्याकडे निघाला. पहिला गट सुटला. धुरळा नव्हता, त्यामुळे सगळं स्वच्छ दिसत होतं. मी मामांच्या बाहीला हात लावला.

“मामा, तिची मान वर जातेय.”

“काय?” हलगी परत सुरू झाली होती.

“मान. उजवा पाय टेकला की.”

“लिही माय, लिही. पहिल्यात कोण आला ते लिही.”

मी लिहिलं. दुसरा गट रेषेवर आला. मी स्वतःला सांगत होते की माझं चुकलं असेल, मी काही घोड्यातली जाणकार नाही, मला जे कळतं ते त्यांनीच शिकवलंय. मग दुसरा गट सुटला आणि पोचलाही, आणि तिसऱ्या गटाची घोडी रेषेकडे यायला लागली. स्वार आमच्या घोडीवर चढला. तिने उजवा पाय उचलला, टेकवला, परत उचलला. माईक मामांनी माझ्यासमोर वहीवर ठेवला होता, निकाल मी हळू सांगायचा आणि त्यांनी मोठ्याने म्हणायचा, अशी आमची पद्धत. तो चालू होता.

“घोडी लंगडतेय,” मी म्हणाले.

माझा आवाज देवळावरच्या भोंग्यातून, झाडावरच्या भोंग्यातून, पाळण्यांच्या पलीकडच्या भोंग्यातून परत माझ्याकडे आला. इतका माझा आवाज मी कधी ऐकला नव्हता. हलगीवाला थांबला.

धाबेवाला आता हसला. “ताई, तुमच्या इंग्रजी शाळंत घोडा पुस्तकात असतो. एच फॉर हॉर्स. हा जित्ता हाय!”

सगळे हसले. मला उठून घरी जावंसं वाटलं. पण मामा हसले नव्हते. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं होतं, थोडं माझ्या खांद्याच्या पलीकडे.

“रस्त्यावर चालवा,” मी माईकमध्येच म्हणाले, कारण आता तो टाळण्यात अर्थ नव्हता. “डांबरावर.”

लोक ओरडायला लागले, असा नियम कुठे आहे. मामांनी हात वर केला. “चाळीस पावलं म्हणलंय म्या. जमीन कंची ते म्हणलं न्हाय,” ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून सडकेपर्यंत चालत गेले. लोकांना ते प्रेमाने वाटलं असेल.

दादाने घोडी डांबरावर घेतली. मामांनी डोळे मिटले. टप, टप, टप, आणि मग एक खूर जो पूर्ण वाजलाच नाही. दहाव्या पावलाला त्यांनी हात वर केला. खरं तर तेवढं पुरेसं होतं, पण त्यांनी तिला चाळीस पावलं पूर्ण करायला लावली. कायदा म्हणून.

“लंगडतीय. मागं घ्या.”

गर्दीत कुजबुज झाली. धाबेवाला म्हणाला, “आन मघाशी चोख कशी व्हती? म्हाताऱ्याला दिसतंय का न्हाय?” तो हे टोमणा म्हणून म्हणाला होता. त्याला स्वतःलाही ते खरं वाटत नव्हतं.

“न्हाय दिसत,” मामा म्हणाले.

तिसरा गट तीन घोड्यांचा पळाला आणि धाबेवाल्याचा घोडा पहिला आला. पण वही त्याच्याकडे गेली नाही. कमिटीने तीन माणसं नेमली, तिघांकडे एकही घोडं नाही, आणि चाळीस पावलं आता डांबरावर मोजतात. घोडीच्या खुरात खडा शिरून आत ठणका लागला होता, दीड महिन्यात ती बरी झाली. दिवाळीनंतर मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता त्यांना वडाच्या शेंड्यावरचा पोपट दिसतो आणि कुणाच्या रुमालाची जागा कुठली तेही दिसतं. तिघेही पंच वही घेऊन घरी आले होते. मामांनी त्यांना चहा दिला आणि वही परत दिली. गाव म्हणतं, म्हातारा रुसला.

ते तसं नाही. जत्रेच्या त्याच दुपारी, शर्यती उरकल्यावर, आम्ही लिंबाच्या सावलीत होतो. दादा बादलीत मिठाचं पाणी घालून घोडीचा पाय त्यात धरून ठेवत होता, पण ती ठेवत नव्हती, म्हणून मामा खाली बसले आणि तिचा पाय त्यांनी दोन्ही हातांनी धरला. मग तिने ठेवला. दादा चारा आणायला गेला. मामांची पाठ माझ्याकडे होती.

“गेल्या साली,” ते म्हणाले, “कळंबचा येक मास्तर आला व्हता. येकच घोडं, करडं. चिठ्ठी निघाल्यावर म्हणला, लंगडतंय, मागं घेतो. हलगी चालूच व्हती, म्या तसंच चालवून बघितलं आन चोख हाय म्हणून पळवाया लावलं. यंदा मास्तर आला न्हाय.”

मी वही मिटून मांडीवर ठेवली.

“तू व्हतीस वहीवर.”

“होते.”

पाण्यात घोडीने पाय हलवला. मामांनी तो परत धरला आणि बोटांनी खुराच्या वरची जागा चोळत राहिले. “म्या इचारत न्हाय तुला,” ते म्हणाले. “तुला सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ दे माय. तू माझ्यासाठीच गप बसली असशील.”

गप्प बसणं मला चांगलं जमतं. त्या वेळीही जमलं असतं.

“लंगडत होतं, मामा,” मी म्हणाले. “मी बघितलं होतं.”