हप्ता संगंच जाईल

उन्हाळ्यात कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या की त्यांचा ओला, गवताळ वास घरभर पसरतो आणि मी मनाने थेट त्या बँकेत जाऊन बसते. त्या वर्षी जून उलटत आला होता, तरी नागपूरचं ऊन हटत नव्हतं. मला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि सरकारी योजनेतून शैक्षणिक कर्ज हवं होतं. सहकर्जदार म्हणून आई गांधीबागेतल्या साडीच्या दुकानातून अर्धी सुट्टी काढून आली होती. योजनेचे सगळे नियम तिने ऑटोत माझ्याकडून समजून घेतले होते. बँकेतल्या कर्ज पाहणाऱ्या साहेबांनी तारण म्हणून घराचे कागद मागितले. "एवढ्या रकमेला तारण लागत नाही, सर," मी म्हटलं. तेव्हा ते आईकडे वळले, "बाई, उद्या पोरीचं लग्न कराल, मग हप्ते कोण भरेल?" आईने पदराने कपाळ पुसलं. "लग्न झालं म्हणून डिग्री का माहेरी ठेवून जाईल थे? संगंच नेईल, मंग हप्ताही संगंच जाईल. अर्ज घ्यायचा नसेल तर काहून नाही घेत, थे लिहून द्या. तोवर आम्ही इथंच बसतो." आणि ती नव्या ताट्यांच्या कूलरसमोरच्या बाकावर जाऊन बसलीसुद्धा. शेवटी साहेबांनी अर्ज ओढून त्यावर शिक्का मारला. आज माझी डिग्री सासरच्या बैठकीत, दारातून शिरताच दिसेल अशी लावलेली आहे. माझ्या पगारातून हप्ता कापल्याचा मेसेज आला की मी तो सगळ्यात आधी आईला पाठवते.